मोकळीक पक्षाचा एकुलता एक विजय

आमच्या हार्लो गावात ऑरिन टिबेट्सइतक्या निवडणुका आजवर कुणी हरलेलं नाही. हे मी कुचेष्टेनं सांगत नाही हं, अभिमानानं सांगतोय. ऑरिन माझा शेजारी. त्याच्या माझ्या रानात दगडांचा एकच बांध, आणि एका बाकावर बसून आम्ही दोघं गावच्या शाळेत नापास झालेलो. न्यू हॅम्पशायरच्या या डोंगरात माणूस तसा आपल्याच तोऱ्यात राहतो. पण ऑरिनचा तोरा एवढा, की त्याला स्वतंत्र पक्ष लागला.

मोकळीक पक्षाचा जन्म ऑरिनच्या गुऱ्हाळात झाला. मेपलचा रस आटत होता, वाफेनं कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, आणि सातजणांनी ठरवलं की सरकारनं आपल्या वाटेला जाऊ नये, आपण सरकारच्या वाटेला जाणार नाही. इथवर एकमत. मग निघाला अध्यक्षाचा प्रश्न. कुणाचं ऐकायचं नाही म्हणून तर पक्ष काढलेला, मग अध्यक्ष कशाला? भांडण पेटलं. शेवटी चॉन्सी पीसली सरपण आणायला बाहेर गेला होता, त्यालाच अध्यक्ष करून टाकलं. परत आल्यावर बिचारा म्हणाला, "मला विचारलंत तरी का?" ऑरिन म्हणाला, "ही शेवटची जबरदस्ती. यापुढे पक्षात जबरदस्ती नाही."

पहिली निवडणूक शाळा समितीची. ऑरिनला पाच मतं पडली. सभासद सात, मतं पाच! दोघांचं म्हणणं असं, की मत द्यायला जाणं म्हणजेच सरकारला मान देणं. दुसऱ्या खेपेला तो रस्ते खात्यासाठी उभा राहिला, 'ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढावा' असं म्हणत. मतदानाच्या आदल्या दिवशी छातीभर बर्फ पडला. त्या वर्षी पक्षाला चार मतं, आणि त्यातलं एक चुकून पडलेलं. राज्याच्या विधानसभेला तर ज्याच्याकडून तो हरला, तो गृहस्थ प्रचारात वारला होता. नाव तेवढं मतपत्रिकेवर राहिलेलं.

"मेलेल्या माणसाकडून हरलास रे लेका!" मी म्हणालो.

"तो काहीच करणार नाही, याची लोकांना खात्री होती," ऑरिन म्हणाला. "म्हणजे विचार आपलाच जिंकला."

पण एकदा तरी जिंकावं ही हौस त्याला आतून कुरतडत होती. प्रत्येक निवडणुकीत वचन मात्र एकच: "मला निवडून द्या, मी ते पदच बंद करून टाकतो."

आता वर्नाचं सांगतो. वर्ना हस्किन्स आमच्या गावची कर वसूल करणारी बाई. ऑरिन दर डिसेंबरात तिच्या टेबलापुढे उभा राहून करपद्धतीवर भाषण ठोकायचा आणि मग कर भरायचा. वर्ना विणत विणत सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं? आता सही कर." इतकी वर्षं आपलं भाषण शेवटपर्यंत ऐकणारी दुसरी बाई मिळणार नाही, हे विधुर ऑरिनच्या सत्तराव्या वर्षी ध्यानात आलं. दोघांनी लग्न केलं. पक्षात हाहाकार उडाला.

आणि इथंच गावानं डाव साधला. आमच्याकडे मार्चातल्या गावसभेत जुनी थट्टा आहे: वर्षभरात ज्याचं लग्न झालं त्याला डुक्करपाल नेमायचं. मोकाट डुक्कर धरून कोंडवाड्यात घालायचं, एवढंच काम. नवा नवरदेव नसेल तर जुनाच पुढे चालू. सभा चालवणाऱ्या हिल्ड्रेथबाईंनी विचारलं, "यंदा नवरदेव कोण?" सगळा हॉल ओरडला, "ऑरिन!" विरोधात एकही आवाज नाही. मोकळीक पक्ष निवडून आला! ऑरिनचे डोळे भरून आले आणि लोक हसून हसून बाकांवरून घसरले.

वर्नानं गमतीनं त्याला पत्र्याचा बिल्ला करून दिला. त्यानं तो खरोखरच लावला. रोज सकाळी कोंडवाड्याच्या भिंतीचे दगड सारखे करायला जाऊ लागला. डुक्कर काही सापडेना, त्यामुळे जरा खट्टू असायचा.

जूनमध्ये देव पावला. चर्चच्या अंगणात बीन्सचं जेवण चाललेलं, तेवढ्यात एक भली थोरली डुकरीण टेबलाखाली घुसली आणि लोणी लावलेला ब्राऊन ब्रेड फस्त करू लागली. डुकरीण कुणाची? पक्षाध्यक्ष चॉन्सीची! ऑरिन उठला. सफरचंदाच्या पायचा तुकडा तिच्या नाकापुढे धरून तिला थेट कोंडवाड्याकडे घेऊन निघाला.

चॉन्सी मागून धावला. "ऑरिन, माझ्या मालमत्तेला हात लावू नकोस! ही सरकारी दांडगाई आहे!"

ऑरिननं बिल्ला सरळ केला. "चॉन्सी, कायदा म्हणजे कायदा."

हे वाक्य आम्ही अख्ख्या गावानं ऐकलं. वर्ना मला हळूच म्हणाली, "बघितलंस? सरकार आता माझ्याच घरात झोपतं."

पुढचा मार्च उजाडला तसा ऑरिन वाळत चालला. वचन होतं ना! पद बंद करायचा ठराव त्यानंच मांडायला हवा होता. चॉन्सी तर दात धरून वाट बघत होता. सभेत ऑरिन उठला आणि चौदा निवडणुका गाजवलेल्या त्या आवाजात आज जीवच नव्हता. "डुक्करपाल हे पद... म्हणजे... बंद करावं, असं मी सुचवतो," असं पुटपुटून तो खाली बसला.

त्याचा हिशेब साधा होता. गावाला थट्टा आवडते, ठराव आपटणार, वचनही पाळलं जाणार आणि बिल्लाही राहणार. पण गावाला अवेळी पाझर फुटला. "बिचारा जन्मभर हरला, एक ठराव तरी होऊ दे त्याचा," अशी कुजबुज बाकाबाकांवरून फिरली. चॉन्सीनं तर दोन्ही हात वर केले. हिल्ड्रेथबाईंनी एक खाली घ्यायला लावला.

हात मोजायला मी होतो. बाजूनं बावन्न. मग विरोधातले मोजत मोजत मागच्या ओळीपर्यंत आलो तेव्हाही बावन्नच. तेवढ्यात खांबाआडून एक हात हळूच वर आला. बाहीवर मेपलच्या पाकाचा डाग. मी मुकाट्यानं मोजला.

ठराव एका मतानं पडला. मोकळीक पक्ष पुन्हा हरला.

वर्नानं विणकाम थांबवलं. "ठराव तुझा, भाषण तुझं, आणि हात विरोधात?"

"माझा हात मोकळा आहे, वर्ना," ऑरिन म्हणाला. "पक्षाचं धोरणच आहे ते."

त्या वर्षी गावात एकही लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे बिल्ला त्याच्याच कोटावर राहिला. आता चॉन्सीच्या नातीचं ठरतंय असं ऐकतो. काल ऑरिन त्या होणाऱ्या नवरदेवाला बांधावर बसवून तासभर काहीतरी समजावत होता. मी कान दिला, तर म्हणतो कसा, "घाई काय आहे पोरा? माणसानं मोकळं राहावं!"