शेलारच्या वालाचं बी

मला पुण्याच्या गाडीत बसवायला आई भिवंडीच्या स्टँडवर आली होती. एकाहत्तर सालचा कार्तिक. मी चौतिशीतला, एका कॉलेजच्या बागेत माळ्याची नोकरी लागलेला. गाडी सुटायच्या आत तिनं वर चढून माझ्या मांडीवर मडकं ठेवलं. तोंडाला फडकं बांधलेलं, आत राखेत घोळलेले वाल. "निम्मं हाय. हितलं गेलं तर तिकडलं ऱ्हाईल," एवढंच म्हणाली आणि उतरली.

आपल्या शेलार गावात राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळ्यांना ठाऊक आहे: भात कापलं की जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचे, आणि तेही घरच्या बियाचे. मी त्या बियाचं काय केलं, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

मी ते खाल्लं. उपाशी होतो म्हणून नव्हे. खोलीवर तिघं घाटावरचे होते, माझ्या बोलण्याला हसायचे. एका रविवारी फुशारकीत म्हणालो, आमच्याकडचं बिरडं तरी खाऊन बघा. राख धुतली, वाल भिजवले, मोड आणले, सोलले. सगळे. मूठभरही मागे ठेवले नाहीत. तिघांनी बोटं चाटली.

त्याच थंडीत शेलारला ऐन फुलावर आभाळ आलं, मावा पडला, पीक गेलं. भावाचं पत्र आलं: आई म्हणते, तुझ्याकडचं बी धाड. मी लिहिलं, इथल्या काळ्या जमिनीत कुजलं. तेव्हापासून घरी बाजारचं बी पेरलं जाऊ लागलं. सुट्टीत गेलो की आई तेच वाल वाढायची, मी मान खाली घालून जेवायचो. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अशी सहा वर्षं.

बागेत वनस्पतिशास्त्राच्या बाई मुलांना गोष्टी सांगायच्या. मिरची गलबतातून आपल्याकडे कशी आली. एका फकिरानं परदेशातून कॉफीच्या सात बिया कशा लपवून आणल्या आणि डोंगरावर लावल्या. सातव्या वर्षी एकदा मी शेवंतीला पाणी घालत ऐकत होतो. झारी रिकामी झाली तरी तशीच धरून उभा राहिलो. त्या माणसानं सात बिया समुद्रापलीकडून आणल्या होत्या. मला बोरघाट चढून एक मडकं सांभाळता आलं नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीत घरी जाऊन सांगून टाकलं. आई अंगणात बाजारचं बी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हाईत हाय. मडकंभर बी समदं कुजत न्हाय, येक तरी दाना वर येतो." मग एक किडका दाणा बाजूला टाकत, "ग्वाड लागलं का?"

"लागलं."

"मंग जा. खालाकडं जाऊन माग."

खाला, म्हणजे मावशी, भिवंडीतल्या एका लूमवाल्यांच्या घरच्या. आईनं कधीकाळी दिलेले आमचे वाल त्यांच्या परसात दरसाल लागत होते. आई त्यांच्या दारात भाजी विकायला जायची, पण बी तिनं कधी मागितलं नव्हतं. आमच्यात ज्याच्या हातून बी गेलं त्यानंच मागायला जायचं, आणि कसं गेलं ते सांगायचं. शिवाय आई सगळ्यांना सांगून बसली होती, पोराकडं हाय.

खाला लूमच्या दारातच भेटल्या. यंत्रमागांचा खडखडाट काही थांबेना, त्यामुळे "मी खाल्लं" हे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. शिफ्टवरचे कामगार वळून बघायला लागले.

"अरे, तू माली है के बकरी?" खाला म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो. पसाभर वाल देताना त्या म्हणाल्या, "आधा अम्मा के पास रख. तेरा भरोसा नहीं."

आता मी पुण्यातच राहणार, हे ठरल्यासारखं आहे. पण शेलारला जातो तेव्हा वर मान करून जेवतो, आणि घर म्हटलं की मला आधी ते जेवण आठवतं. कॉलेजच्या बागेत, शेवंतीच्या पलीकडे, बाईंनी एक वाफा दिला आहे. परवा आईला कार्ड टाकलं: एकवीस उगवले, त्यातले तीन चिमण्यांनी टिपले. मी एकही नाही.