डॉक्टरांपासून लपवलेलं

अलिबागला मुलांच्या डॉक्टरांकडे ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. मुरुडकडची कोळीण, पन्नाशीची. नातवाच्या फिटच्या गोळ्या न्यायला आली होती. गोळ्या पिशवीत ठेवायची आणि पुन्हा काढून बघायची.

माझ्या चार वर्षांच्या मुलीला महिन्यात दोनदा फिट आली होती. डॉक्टरांनी आत बरंच विचारलं. जन्मल्यावर लगेच रडली का, तापात कधी आकडी आली का, घरात कुणाला हा त्रास आहे का, डोक्याला मार लागला होता का. शेवटच्या प्रश्नाला मी "नाही" म्हणाले. दीड वर्षाची असताना ती माझ्या हातून जिन्यावर पडून बेशुद्ध झाली होती. हे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर येऊन मला रडू फुटलं, आणि या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं.

"आमचा नातू जन्मल्यावर रडलाच न्हाय," ती म्हणाली. "सून दोन वरसं सोताला दोष देत व्हती. बाय, डाक्टर इचारतो तो औषधासाठी, तुला धरायला न्हाय. जा, सांगून ये. पोरीला दे माझ्याकडं."

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी शांतपणे लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. पण त्यानंच झालं असेल असं नाही," ते म्हणाले.

बाहेर आले तर मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. समोरून मुरुडची एसटी निघून गेली.

"मावशी, तुमची गाडी!"

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "पोर आत्ताच निजलीय."