टेबलावर राहिलेली पुस्तकं

सिंगापूरच्या बुकित पंजांगमधल्या एका ब्लॉकच्या तळमजल्यावर रहिवाशांनी चालवलेलं छोटं वाचनालय आहे. सहा कपाटं, दोन लांब टेबलं, तीन पंखे. मंगळवार ते शनिवार, दुपारी तीन ते पाच, तिथे हिरा मेश्राम विनावेतन काम करतात. वय चौसष्ट. काटोलच्या शाळेत त्या एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. मुलगा उज्ज्वल जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. त्याच्याकडे राहायला आल्यावर दोन महिन्यांत घरातली सगळी कपाटं तीनतीनदा आवरून झाली, तेव्हा सून अरुणा हात जोडून म्हणाली, "आई, आता खाली जाऊन त्यांची आवरा."

शिस्त त्यांना लहानपणीच लागली होती. वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत दीडशे पुस्तकं होती, आणि वाचलेलं पुस्तक जागेवर गेल्याशिवाय पायात चप्पल घालायची नाही, असा तिथला दंडक होता. हिराताईंनी तो इथेही लावला. टेबलावर पुस्तक पडलेलं दिसलं की उचललं. चिनी वाचता येत नसलं तरी पुस्तकाच्या पाठीवरचे आकडे वाचता येत होते. तेवढ्यावर त्या चिनी पुस्तकांचं कपाटही चोख लावत.

त्या कपाटाचे वाचक म्हणजे पाचसहा म्हातारे. ते पुस्तक घरी नेत नाहीत, पंख्याखाली बसून तलवारबाजीच्या कादंबऱ्या वाचतात. त्यांचे म्होरके मिस्टर कोह, निवृत्त बसचालक. पाणी पिऊन परत येईपर्यंत त्यांचं पुस्तक गायब झालेलं असायचं.

"आंटी! नॉट फिनिश यट लाह!" ते खास सिंगापुरी 'लाह' लावून ओरडायचे.

"मग हातात धरून जा," हिराताई त्यांना इंग्रजीत सुनवायच्या. "तुम्ही उठलात की पुस्तक कपाटात."

महिन्याभरात म्हातारे वठणीवर आले. निघताना स्वतःच पुस्तकं लावू लागले. हिराताईंनी काटोलला बहिणीला फोन करून सांगितलं, "सरळ केलं बघ सगळ्यांना."

पुढच्या मंगळवारी वाचनालय सांभाळणाऱ्या रोहानाने त्यांच्यासमोर वही उघडली. रोज पाच वाजता ती टेबलांवर राहिलेली पुस्तकं कपाटवार मोजून लिहिते. घरी न नेता, इथेच बसून काय वाचलं जातं, हे कळायचा तेवढाच मार्ग. चिनी कपाटातलं पुस्तक कुणी घरी नेत नव्हतंच, आणि या रकान्यातही महिनाभर शून्य होतं.

"येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी वाचनालयाच्या समितीची बैठक आहे," रोहाना म्हणाली. "हे कपाट काढून परीक्षेची गाइडं ठेवायची म्हणतात."

"पण ते लोक रोज वाचतात!"

"मग पाच वाजता पुस्तकं कुठे असतात, हिरा आंटी?"

हिराताईंचे कान तापले. पुस्तकं टेबलावरच ठेवा, अशी पाटी भिंतीवर होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती वाचली होती, आणि आळशी लोकांना दिलेली सवलत समजून सोडून दिली होती.

"चूक माझी आहे. तसं समितीला लिही."

"लिहीन. पण त्यांना आकडा लागतो."

घरी हे ऐकून नात राणी सोफ्यावर हसून हसून लोळली. "आजी, यू ट्रेन देम टू गुड लाह!"

"आता बिघडवा त्यांना," अरुणा म्हणाली.

बिघडवणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हिराताईंनी पुस्तकं टेबलावरच सोडायला सांगितली, तेव्हा मिस्टर कोह हाताची घडी घालून उभे राहिले. गेल्या महिन्यात ओरडत होतीस, आज पसारा कर म्हणतेस? मग कपाट जाणार असल्याचं त्यांना कळलं. ते तडक उठले आणि अख्खा खण टेबलावर ओतू लागले. "सिक्स्टी बुक! टुडे ओन्ली!"

"नाही." हिराताईंनी ढिगावर हात ठेवला. "वाचलं तेवढंच. एक जरी जास्त दिसलं तरी मी स्वतः कपाटात ठेवीन."

"आंटी, कपाट जाईल तुझ्यामुळे."

"गेलं तर माझ्यामुळेच जाईल. पण खोट्या आकड्यावर राहायला नको."

मिस्टर कोह चिनीत काहीतरी पुटपुटले. ते कौतुक नसावं. मग त्यांनी फोन काढला. बस डेपोतले जुने सहकारी, त्यांचे मेहुणे, शेजारच्या ब्लॉकमधली एक चष्मेवाली आजी, सगळे आले. शुक्रवारी खुर्च्या अपुऱ्या पडल्या. आजी सर्वांत वेगाने वाचायची आणि पुढे काय होणार ते मोठ्याने सांगायची, त्यावरून दोनदा भांडण झालं.

हिराताईंनी ते दिवस हात पाठीमागे बांधून काढले. बाकीची कपाटं लावली, खुर्च्या सरळ केल्या, सरळ खुर्च्या पुन्हा सरळ केल्या. एकदा हात आपोआप एका कादंबरीकडे गेला.

"आंटी!" तिघे एकदम ओरडले. हिराताईंनी ती होती तशीच, तिरकी, परत ठेवली.

वहीत सात झाली, मग अकरा, मग चौदा. शेवटच्या शनिवारी तेवीस. रोहानाने दोनदा मोजली.

रविवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला: चिनी कपाट राहणार, गाइडं खिडकीशी. मंगळवारी हिराताईंनी फोन मिस्टर कोह यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो वाचला, "गुड," म्हणाले, आणि मान परत पुस्तकात घातली. कथेतला म्हातारा गुरू नुकताच कड्यावरून पडला होता, आणि चष्मेवाली आजी पुढचं सांगण्यासाठी तोंड उघडत होती.