चाचीचं स्टूल

एकोणीसशे साठच्या सुमारास कुवेतच्या एका इस्पितळात कारकून असताना मी चाचीला वॉर्डात येऊ दिलं नाही. शुद्ध गाढवपणा होता तो. रुग्णांची विचारपूस करायला समाजसेविकांच्या दोन जागा होत्या, पण वॉर्डात बसायच्या परवान्याला लागणारी पदविका कुणाकडेच नसल्यामुळे दोन्ही रिकाम्या होत्या. रत्नागिरीकडची ही चाची मात्र रोज येऊन आपल्या मुलखातल्या आजारी खलाशांशी बोलत बसायची, त्यांची पत्रं लिहायची.

"आधी पदविका आणा," मी नवा टाय सावरत म्हणालो. ती खाटांजवळ बसायची ते स्टूलही मी पाय ठेवायला माझ्या टेबलाखाली नेलं.

त्याच आठवड्यात तिच्या गावचा एक म्हातारा तांडेल, गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या, तापाने फणफणून दाखल झाला. नर्सना त्याची बोली कळेना. मी चिपळूणचा, मला कळायची.

"चाची आली काय रे?" त्याने मला तीनदा विचारलं. "येईल हां," म्हणत मी तीनदा सटकलो. चौथ्या सकाळी त्याची खाट रिकामी होती.

चाचीच्या दारात उभा राहून मी रडत रडत नियम सांगत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याकडं कागद नव्हता, बाबू. तुझ्याकडं तर स्टूलही होतं. तू का नाही बसलास?"