या गाडीने कल्याण होणार नाही

चौकशीच्या खिडकीत बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरी येऊन पर्स उलटी केली की सेफ्टी पिना, जुन्या चिठ्ठ्या, डोकेदुखीची अर्धी गोळी जशी बाहेर पडते, तसे ते पडतात. कधी साचले, कळत नाही. आणि एक सांगते, ते घडत असतात तेव्हा अजिबात हसू येत नाही! तेव्हा फक्त घड्याळाकडे बघायचं असतं.

मूळ गोष्ट साधी. आमचं स्टेशन घाटाच्या माथ्यावर. घाट उतरला की कर्जत, आणि कर्जतला रुळांना दोन फाटे. एक कल्याणकडे. तिथे लोकल, मेल, मालगाड्या एकमेकींच्या शेपटीला नाक लावून उभ्या. दुसरा पनवेलकडे. एकेरी लाईन, दिवसातला बराच वेळ रिकामी. वर कोणीतरी विचार केला, पुण्याकडून येणाऱ्या काही गाड्या या रिकाम्या लाईनीवरून न्याव्यात, म्हणजे तिकडची कोंडी कमी होईल. विचार चांगला होता. फक्त चांगला विचार वरून निघाला की खाली खिडकीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. खिडकीत मी!

*

कागद आला त्या सकाळी मी आमच्या सोपानभाऊंना बोलावलं. सोपानभाऊ पोर्टर, औंढ्याचे, अक्षर मोत्यासारखं. स्टेशनात फळ्यावर काही लिहायचं असलं की खडू त्यांच्याच हातात. मी म्हटलं, "भाऊ, दुपारची गाडी आजपासून कल्याणला जाणार नाही, पनवेलमार्गे जाणार. मोठ्या अक्षरात लिहा."

"येवढंच ना? लिवतो की."

तासाभराने फळ्यापुढे ही गर्दी! माणसं मोबाईल काढून फोटो घेत होती. मी खिडकी सोडून बाहेर गेले. फळ्यावर सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"या गाडीने कल्याण होणार नाही."

स्टेशन मास्तर धावत आले. "सोपान, पूस ते आधी!"

सोपानभाऊंनी शांतपणे फडकं घेतलं आणि विचारलं, "पुसतो साहेब. मग काय, हुईल म्हनून लिवू?"

*

त्यानंतर आठवडाभर माझा दिवस एकाच प्रश्नावर गेला. "पनवेलमार्गे म्हणजे नक्की कुठून?" मी सांगायची, कर्जत, मग चौक, मग पनवेल. चौक हे गावाचं नाव, छोटंसं स्टेशन आहे तिथे.

एक गृहस्थ आले. हातात चिक्कीची पिशवी, घाईत.

"गाडी कुठून जाते?"

"चौकवरून."

"कुठल्या चौकातून?"

"चौक. नुसता चौक."

"अहो, नुसता चौक कसा असेल? नाव असेल ना काहीतरी! शिवाजी चौक, गांधी चौक..."

"काका, गावाचंच नाव चौक आहे."

त्यांनी मागे वळून बायकोला हाक मारली. "चल गं, रिक्षाने जाऊ. यांनाच माहीत नाही कुठला चौक ते!"

*

शनिवार-रविवार आमच्याकडे माणसांचा पूर. एका रविवारी चार-पाच तरुण आले. केस ओले, पँटी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. त्यांच्यातला एक खिडकीत वाकला.

"दीदी, ये ट्रेन पनवेल होके जाएगी?"

"हां."

"पक्का?"

"पक्का."

तो मित्रांकडे वळला, काहीतरी कुजबुज झाली, परत वाकला. चेहरा काळजीत.

"दीदी, फिर तो लेट होगी ना? एक्सप्रेसवे पे पनवेल के पास बहुत जाम है!"

मी त्याला समजावलं नाही. खरंच सांगते, त्या वेळी अंगात त्राण नव्हतं. मी म्हटलं, "ड्रायव्हर को शॉर्टकट मालूम है."

तो "थँक यू दीदी!" म्हणून गेला. त्या दिवशी मनापासून आभार मानणारा तो एकटाच.

*

खिडकीला निदान काच असते. आमच्या नीताला तीही नाही. नीता अनाउन्समेंट करते. टेपवर जुनाच मार्ग होता, म्हणून नव्या मार्गाची सूचना तिला प्रत्येक वेळी तोंडाने द्यावी लागायची. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, आणि लोक तरीही बसले चुकीच्या गाडीत की पुन्हा मराठीत. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज बसला. नुसती हवा यायची.

मीच तिला बाजारातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरीने घसा पाहिला.

"काय काम करता?"

नीता बोलू शकेना, म्हणून मी सांगितलं, "स्टेशनवर अनाउन्समेंट करते."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "म्हणजे ते 'कृपया प्रवाशांनी नोंद घ्यावी' तुम्हीच का? माझं घर स्टेशनच्या मागेच आहे."

नीताने मान हलवली.

"चार दिवस एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. मग चिठ्ठी लिहितालिहिता, अगदी मनापासून, "खरं तर आठवडा घ्या!"

*

दातेकाका तुंगार्लीला राहतात, रिटायर्ड शिक्षक. गाड्या रिकाम्या लाईनीवर वळवा, असा अर्ज त्यांनी पहिल्यांदा दिला तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर दर वर्षी एक अर्ज. सोबत स्वतः काढलेला नकाशा, लाल शाईची लाईन, निळ्या शाईची लाईन. खिडकीशी आले की तोच नकाशा काचेला लावून मला समजावायचे. "ही बघा लाल. कोंबल्यासारखी गर्दी! आणि ही निळी. पोरकी! अक्षरशः पोरकी पडलीय हो!" मी मान डोलवायची. मागची रांग माझ्याकडे बघायची.

गाड्या वळल्या त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. मास्तरांना, मला, नीताला, सोपानभाऊंना, खिडकीपुढच्या अनोळखी माणसांनासुद्धा. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "माणसाने लिहीत राहावं. कोणीतरी वाचतं."

तीन आठवड्यांनी पाहते तर दातेकाका रांगेत. इतक्या वर्षांत रांगेत उभे असलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मागे काकू, दोन जड पिशव्या, एक स्टीलचा डबा. त्यांची पाळी आली. आवाज एकदम खाली.

"कल्याणला जायला सोयीची गाडी कोणती?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते नकाशा लावायचे त्या काचेकडे बघत होते.

"मुलगी कल्याणला असते ना. बाळंत झालीय. ही निघालीय महिनाभर."

"सोयीची होती ती दुपारची, काका," मी म्हटलं. "आता कर्जतला उतरून लोकल. पूल चढावा लागेल."

"एक तरी ठेवायला हवी होती हो त्यांनी," काका पुटपुटले.

काकूंनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "डिंकाचे लाडू आहेत, पुलावर सांडले नाहीत म्हणजे मिळवली. आणि अहो, पुढचा अर्ज लिहाल ना, तो टाकायच्या आधी मला वाचून दाखवा!"

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तरी सांगते.

सुदुंबऱ्याची एक मुलगी, बावीस-तेवीसची, खिडकीशी आली. अंबरनाथला एका कंपनीत मुलाखत होती. घरातली पहिलीच मुलगी नोकरीला निघालेली. सारखी फाईल उघडून सर्टिफिकेटं मोजत होती. मी तिला नीट सांगितलं, ही समोरची गाडी पनवेलला जाते, तू मागून येणारी धर. ती "हो मॅडम" म्हणाली. आणि दहा मिनिटांनी मला दिसलं, बाई त्याच गाडीत खिडकीशी बसलेली! कानात इअरफोन.

मी सोपानभाऊंना पिटाळलं. ते डब्याच्या बाजूने ओरडत पळाले, पण तिला ऐकू जाईना. सिग्नल पडला होता. मी नीताच्या खोलीत घुसले आणि म्हटलं, बोल! नीताने माईक ओढला.

"पिवळी ओढणी घातलेल्या ताई, ही गाडी अंबरनाथला जात नाही. कृपया ताबडतोब खाली उतरावे!"

गाडीतून पिवळ्या ओढणीवाल्या तीन बायका उतरल्या. तिघींनाही पनवेललाच जायचं होतं! सूचना कानावर पडली, अर्धी कळली, घाबरून उतरल्या. गाडी सुटली. ती मुलगी खिडकीतून मजेत बाहेर बघत आमच्यासमोरून निघून गेली.

पुढचा तास त्या तिघी माझ्या खिडकीत. त्यांनी काय काय ऐकवलं ते सांगत नाही. त्यांचं बरोबरच होतं. पण मला त्यांच्यापेक्षा ती पोरगी दिसत होती, पनवेलला उतरलेली, मुलाखतीची वेळ टळलेली, फाईल छातीशी धरून कोणाला तरी विचारणारी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

महिन्याभराने ती आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र!

"अगं, पोचलीस कशी?"

"कर्जतला शेजारच्या मावशी म्हणाल्या, अंबरनाथ असेल तर इथे उतर. उतरले. पंधरा मिनिटं लेट झाले, पण घेतलं त्यांनी."

"आणि आम्ही एवढं अनाउन्स केलं, ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना मॅडम. गाणं संपलं तेव्हा शेवटी ऐकू आलं. पण ते पिवळ्या ओढणीवालीसाठी होतं." तिने तीच ओढणी पुढे धरली. "ही लेमन आहे."

*

हिराबाई आमच्या डोंगरातल्या ठाकरवाडीची. सत्तरीची असेल. मंगळवारी पाटीत रानभाजी घेऊन बाजारात बसते. स्टेशनात कधी येत नाही. एका मंगळवारी रिकामी पाटी काखेत मारून ती माझ्या खिडकीशी उभी राहिली.

"बाई, ती पनवेलची गाडी आता चौकाच्या अंगानं जाती म्हनं. खरं हाय व्हय?"

"जाते मावशी. पण चौकला थांबत नाही."

"थांबाया नगंच हाय मला. हळू हुती का थोडी?"

मला कळेना. रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. सोपानभाऊ तिथेच होते. त्यांनी तिला बाजूच्या बाकावर बसवलं आणि हळूहळू विचारून घेतलं. तिची धाकटी बहीण चौकच्या पुढे एका वाडीत दिलेली. वाडी रुळाला लागूनच. आई गेली तेव्हा दोघींचं भांडण झालं, आईने शिवलेली वाकळ कोणी घ्यायची यावरून. हिराबाईने भरल्या घरात शपथ घेतली होती, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. तेव्हापासून भेट नाही. किती वर्षं, हे तिला सांगता आलं नाही. "माजी सून तवा नवी नवरी व्हती," एवढंच म्हणाली. सुनेचा मुलगा आता कॉलेजात आहे.

"मग आता जाऊन काय करणार, मावशी?" सोपानभाऊंनी विचारलं.

"बघनार. दारात पाय ठिवायचा न्हाई म्हनलीवती. गाडीत बसायचं न्हाई, असं कुटं म्हनलीवती?"

तिच्या कमरेच्या पिशवीत भाचीचा नंबर लिहिलेला कागद होता. सोपानभाऊंनी आपल्या फोनवरून लावून दिला. हिराबाईने फोन तोंडासमोर धरून मोठ्याने सांगितलं, "उद्याच्याला गाडीच्या टायमाला आयला घेऊन रुळाकडंला हुबी ऱ्हा. म्या खिडकीत हाय." आणि फोन परत दिला. सोपानभाऊंनी दुपारच्या गाडीच्या गार्डना विचारून ठेवलं, वाडी कोणत्या हाताला येते. डाव्या.

दुसऱ्या दिवशी ती लाल लुगडं नेसून आली. सोपानभाऊंनी तिला डावीकडच्या खिडकीत बसवून दिलं. मी दुपारभर प्रश्नांना उत्तरं देत होते आणि घाट उतरून गेलेल्या त्या गाडीचा विचार करत होते. चौकला गाडी जोरात जाते. डोळ्याची पापणी लवते तेवढंच ते दिसणार.

संध्याकाळी माझी ड्युटी संपायच्या सुमाराला ती परतीच्या गाडीने आली आणि सरळ खिडकीशी. रांगेत एकच माणूस होता, त्यानेच तिला पुढे केलं.

"मावशी, दिसली का बहीण?"

"दिसली."

"तिने ओळखलं तुम्हाला?"

हिराबाईने पदराने तोंड पुसलं.

"न्हाई वळखलं. तिचं डोळं गेल्यात. मला कुनी सांगितलंच न्हाई. पोरीनं दंडाला धरून हुबी केलती. ती आपली इंजनापासनं समद्या गाडीला हात करीत व्हती. म्या कुटल्या डब्यात, तिला काय ठावं!"

सोपानभाऊ हातातला झाडू भिंतीला टेकवून पुढे आले.

"मग वो मावशी?"

"मग काय. गाडी तितं वाईच हळू झालती. आमच्या डब्यातली समदी मानसं उटली नि तिला हात कराया लागली. म्होरल्या डब्यातली बी. कुनाला म्हाईत न्हाई ती कोन. तिला बी दिसंना. म्या येकटीच हात खाली घेऊन बसलीवती."

तिने काचेला हात टेकला. मग वाकून आत बघत म्हणाली,

"बाई, पनवेलवरनं चौकाला येष्टी किती वाजता सुटती?"