पिंपसरांचं तेल

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी विसळून निवृत्त झालेल्या माणसाला घरी स्वस्थ बसवत नाही. बसवलं असतं तर पुढचा उपद्व्याप टळला असता, हे ते स्वतःच सांगतात. गल्ली त्यांना 'सर' म्हणायची. सर ते कधीच नव्हते, पण ही चूक त्यांनी कधी दुरुस्तही केली नाही.

निवृत्तीनंतर सरांनी मागच्या अंगणात गवती चहाचं तेल काढायचा घाट घातला. जुना प्रेशर कुकर, शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, आणि त्या नळीची वेटोळी पाण्यानं भरलेल्या पिंपातून बाहेर. टोपलीभर पातीला जेमतेम चमचाभर तेल. त्यात पातळ साबण आणि पाणी घालून घरभर फवारायचं. वास इतका उग्र, की जावई म्हणाला, "डासांचं माहीत नाही, मी मात्र चाललो."

मग नातीला डेंगी झाला. सात वर्षांची पोर आठ दिवस रुग्णालयात होती. घरी आली तेव्हा तिच्या मनगटावरून बांगडी घसरत होती. ते पाहून सरांनी मुलीसमोर छाती ठोकून सांगितलं, "आता एक डास जरी तिला शिवला, तरी नाव बदलीन."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ घरभर, आणि नातीच्या बाह्यांवरही, फवारा सुरू झाला. तासाभरात वास उडायचा, डास परत यायचे. सर म्हणायचे तेल कमी पडतंय, आणि पुन्हा कुकर चढवायचे.

एका दुपारी आरोग्यसेविका घरं तपासत आली. सरांनी तिला खुर्ची दिली, तेलावर व्याख्यान दिलं. ती हं हं करत मागच्या अंगणात गेली आणि तिनं पिंपात बॅटरी मारली.

"काका, हे पाणी कधी बदललं?"

"बदलायचं कशाला? नुसती वाफ गार करायला आहे. एकदम स्वच्छ!"

"डेंगीच्या डासाला स्वच्छच आवडतं. बघा."

सरांनी वाकून पाहिलं. तांब्याच्या वेटोळ्यांभोवती अळ्या मजेत वळवळत होत्या. काम झालं की भांडं रिकामं करा, पालथं घाला, हे एकच वाक्य त्यांनी एकतीस वर्षं मुलांवर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता.

मुलगी दारात उभी होती. "बाबा, पिंप कधी भरलं होतं?"

थाप मारायला पूर्ण वाव होता. तारीख कोणी लिहून ठेवली होती?

"तिच्या तापाच्या आधी," सर म्हणाले. "चांगलं पंधरा दिवस आधी."

"त्यातलाच डास चावला असं काही नाही हं, काका," आरोग्यसेविका घाईनं म्हणाली. सरांनाही तसंच मानायला फार आवडलं असतं. मुलीनं पुढे येऊन पिंपाची कड धरली. ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिघांनी मिळून पिंप आडवं केलं, आतून घासलं आणि पालथं घातलं. 'पिंपसर' हे नाव मग गल्लीत सरांनीच पसरवलं. बदलायचं कबूलच केलं होतं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी फवाऱ्याची वेळ झाली तरी सर पायरीवर बसून होते. नात रोजच्यासारखी समोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, माझ्या बाह्या राहिल्या."

सरांना तिच्याकडे बघवेना. "बाळा, आधी तुला एक सांगायचंय. त्या पिंपात—"

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली, आणि तिनं हात आणखी पुढे केले.