झुल्मिराच्या मुठीतल्या किल्ल्या

आमच्या उर्झाल गावात सगळ्यांत भित्रं कोण असं विचारलं, तर शेंबडं पोरही झुल्मिराच्या दाराकडे बोट दाखवायचं. बाई गॅस पेटवायची ती खांद्यावर ओला टॉवेल टाकून. ऑगस्ट लागला की पायात बूट घालून झोपायची. माझ्या कॅफेत कुणी सिगारेट विझवली की ही उठणार, थोटकावर पाणी ओतणार आणि मगच आपल्या कॉफीकडे वळणार. रक्षापात्रातला तो काळा चिखल धुवायचा कुणी? मी. पण मी तोंड उघडत नसे, कारण तिच्या भीतीचं मूळ गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या मोठ्या वणव्यात तिची धाकटी बहीण ओदेत आपल्या नवऱ्यासोबत गाडीतून खाली पळाली होती. झुल्मिरा तेव्हा हौदावर धुणं धूत होती. ओदेतनं गाडी थांबवून हाक मारली, "चल, मागं जागा आहे!" ही म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी ओली आहे, कपडे बदलून येते." "बरं, पुढं होतो," ओदेत म्हणाली. गाडी गिरणीच्या वळणापर्यंत पोचली. त्यापुढं गेली नाही. झुल्मिरा गळ्यापर्यंत हौदात बुडून राहिली आणि वाचली. खालून गाडीचा हॉर्न किती तरी वेळ वाजत होता, तो तिनं ऐकला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

मग काही वर्षांनी एका सरकारी योजनेत आमचं गाव स्मार्ट झालं. वेशीवर निळी पाटी लागली, तिच्यावर पिवळ्या चांदण्यांचं वर्तुळ. पाटी एवढी मोठी, की तिच्यामागं अख्खं गाव झाकून जावं. जमिनीखालून इंटरनेटची तार आली. डॉक्टर पडद्यावर दिसू लागला. परदेशात, लियोंमध्ये, पॅरिसमध्ये राबणारी आमची पोरं म्हणाली, आता गावातूनच काम करू. आलं मात्र कुणीच नाही. ऑगस्टमधल्या जत्रेपुरती यायची, तेवढीच. आणि एका खांबावर धूर हुंगणारा डबा बसवला. त्याला आम्ही 'नाक' म्हणायचो. वास आला की ते किंचाळायचं.

आता हे नाक बसवावं कुठं? तर विजेचा खांब सोयीचा म्हणून थेट गावभट्टीच्या शेजारी. शनिवारी इदालिनानं भाकऱ्यांसाठी भट्टी पेटवली की नाक बोंब मारायचं आणि तालुक्याहून अग्निशमनाची गाडी धापा टाकत वर यायची. दोनदा त्यांनी गरम भाकरी खाल्ली, तिसऱ्यांदा शिव्या दिल्या. तेव्हापासून इदालिना भट्टी पेटवताना काठीनं एक ओलं पोतं नाकावर टाकायची आणि काम झालं की काढायची. गावातल्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. भाकरी तर हवीच ना!

त्याच योजनेत गावाला एक सुरक्षा-प्रमुख नेमायचा होता. नगरपालिकेची बाई क्लबच्या हॉलमध्ये नारिंगी जाकीट आणि भोंगा घेऊन उभी राहिली. कुणी हात वर करेना. तेवढ्यात आमचा फिर्मिनू, शेळ्या राखणारा म्हातारा, पाठीमागून म्हणाला, "झुल्मिराला द्या की! पलीकडच्या डोंगरात काडी ओढली तरी तिला घाम फुटतो."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. झुल्मिरा उठली, पुढं गेली आणि जाकीट अंगात घातलं. ते तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. हसणं आपोआप थांबलं.

मग तिनं आमचं डोकं खाल्लं. दर आठवड्याला दारोदार फिरून एकच पाठ म्हणायची. धूर लांब असेल आणि पालिकेचा निरोप आला तर बसनं खाली जायचं. पण धूर डोंगराच्या माथ्यावर आला, तर रस्त्यावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. क्लबच्या दगडी हॉलमध्ये शिरायचं, खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची. "मेलात तरी गाडीत बसायचं नाही," असं म्हणायची. फिर्मिनू विचारायचा, "मेल्यावर बसवलं तर चालेल का गं?"

त्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी तिचा मुलगा अदेरितू लियोंहून आला. सोबत बायको सांद्रीन आणि लहानगी लेक लेआ. नवी कोरी गाडी. आमची गल्ली एवढी अरुंद, की जत्रेला आलेला प्रत्येक जण किल्ली गाडीतच ठेवून जातो. ट्रॅक्टर आला की जो जवळ असेल त्यानं गाडी बाजूला घ्यायची. हा आमचा जुना रिवाज. अदेरितूनं कपाळाला आठ्या घातल्या, पण किल्ली सीटवर टाकली. गावात येऊन किल्ली खिशात घालणाऱ्याला लोक वर्षभर नावं ठेवतात.

जत्रेच्या दिवशी इदालिनानं सकाळीच भट्टी तापवली होती. जेवणं होईस्तोवर काळ्या मडक्यांतलं शेळीचं मटण, वर लाल वाइन, असं सगळं आत सरकवून तिनं भट्टीचं तोंड मातीनं लिंपलं. पण नाकावरचं पोतं काढायचं राहिलं. वारा सकाळपासून पूर्वेचा, भट्टीपेक्षा गरम. लोक आडवे झाले होते. मी ग्लास पुसत बसलो होतो.

झुल्मिरा काही आडवी झाली नव्हती. पूर्वेचा वारा सुटला की ती गावभर फिरायची. ती भट्टीपाशी आली, तिनं काठीनं पोतं खाली ओढलं आणि नाक किंचाळलं.

"अगं बाई, झाक ते!" इदालिना ओट्यावरून ओरडली. "भट्टीचा धूर आहे."

"भट्टी लिंपलेली आहे, इदालिना."

"मग मटणाचा वास लागला असेल त्याला. स्मार्ट आहे ना ते!"

मी दारातून पाहिलं तर झुल्मिरा भट्टीच्या धुराड्याकडे बघत होती. धुराड्यातून काहीच निघत नव्हतं. मग तिनं हळूहळू मान वळवून माथ्याकडे पाहिलं. तिथं झाडांमागं तपकिरी काहीतरी उभं राहिलं होतं. मला आधी तो ढग वाटला. तिला नाही वाटला.

यानंतर तिनं जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. गळ्यात भोंगा असताना तिनं तो वाजवला नाही. आधी ती गल्लीत शिरली आणि एकेका गाडीत हात घालून किल्ल्या काढत सुटली. सगळ्या किल्ल्या तिनं जाकिटाच्या खिशात भरल्या, हौदापाशी गेली आणि मग भोंगा वाजवला.

लोक डोळे चोळत बाहेर आले. कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. तेवढ्यात माथ्यावरचा तपकिरी ढग खालून लाल झाला, आणि राख पडायला लागली. मऊ, पांढरी राख. माझ्या हातावर पडली तर अजून गरम होती. मी फोन काढला. फोन मेलेला. बहुधा पलीकडचा मनोरा जळला होता. आता वरून सांगणारं कुणी नव्हतं. एवढ्या तारा घातलेली, पाट्या लावलेली आमची वस्ती, आणि आम्हाला सांगायला राहिलं कोण? गुडघ्यापर्यंत जाकीट घातलेली एक भित्री बाई.

सगळे गाड्यांकडे धावले. भीती वाटली की माणूस चाकाकडेच धावतो. अदेरितूनं लेआला मागं बांधलं, सांद्रीनला आत ढकललं, सीटवर हात फिरवला आणि थबकला. मग आईकडे पाहिलं.

"माई, किल्ली."

"हॉलमध्ये चल."

"माई, खेळ नाही हा. खाली दहा मिनिटांत पोचतो. किल्ली दे."

"नाही देत."

झुल्मिराचे दात एकमेकांवर आपटत होते, मला ऐकू येत होतं. तिच्या मोज्यावरून ओघळ खाली आला. ती मुतली होती, आणि तिला पत्ता नव्हता. खाली रस्ता मोकळा आहे की पेटलाय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आम्हाला कुणालाच नव्हतं. कदाचित मोकळा असेलही. मला तर वाटत होतं, मोकळाच आहे. माझी स्वतःची व्हॅनची किल्ली तिच्या खिशात होती आणि ती हिसकावायला माझेही हात शिवशिवत होते.

अदेरितू तिच्या अंगावर गेला. त्याची किल्ली तिनं खिशातून काढून मुठीत आवळली होती. तो मूठ सोडवायला लागला. एक बोट उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्या बोटाला ती त्याच्या मनगटाला चावली.

"वेडी झालीस का? माझी पोर मरेल!" त्यानं हात उगारला. सख्ख्या आईवर. लेआ काचेतून बघत होती.

"ओदेतलाही दहा मिनिटांत पोचायचं होतं," झुल्मिरा म्हणाली. "पुढं होतो म्हणाली." आणि तिनं मुठीतली किल्ली हौदात फेकली. मग दोन्ही खिसे उलटे केले. सगळ्या किल्ल्या हिरव्या पाण्यात बुडाल्या.

मग वरून आवाज आला. रिकाम्या बोगद्यातून आगगाडी यावी तसा. फिर्मिनू, ज्यानं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तोच पहिला म्हणाला, "चला रे हॉलमध्ये. आता दुसरं काय राहिलंय?"

हॉलमध्ये आम्ही खिडक्या लावल्या, फटी बुजवल्या. भरदुपारी आधी सगळं नारिंगी झालं आणि मग काळोख. दार तापलं. कौलांवर काहीतरी पडत होतं, फुटत होतं. निलगिरी पेटली की तोफेसारखी फुटते. पहिल्या तोफेला सांद्रीन किंचाळली, मग किंचाळायचंही थांबली. मी चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढलो नव्हतो, पण त्या दिवशी सगळ्या संतांना नावानिशी हाका मारल्या. ज्यांची नावं आठवली नाहीत त्यांची माफी मागितली. मी मरणार याची मला खात्री होती, आणि मला मरायचं नव्हतं. एवढंच खरं होतं.

झुल्मिरा टेबलाखाली बसली होती. हो, टेबलाखाली. सुरक्षा-प्रमुख! तिनं लेआला जाकिटात गुंडाळून पोटाशी धरलं होतं आणि तिच्या कानावर दोन्ही हात दाबले होते. तिचे स्वतःचे कान उघडे होते. अदेरितू भिंतीकडे तोंड करून उभा होता. आईकडे त्यानं पाहिलं नाही.

आग गावावरून गेली. वरच्या आळीची चार घरं, फिर्मिनूचा गोठा आणि त्यातल्या सगळ्या शेळ्या, हे घेऊन गेली. माणूस एकही गेलं नाही. खांबावरचं नाक वितळून खाली लोंबत होतं. इदालिनाची भट्टी तशीच लिंपलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अदेरितू रस्त्यानं चालत खाली निघाला. मी त्याच्या मागं गेलो, कारण त्याच्या चेहऱ्याची मला धास्ती वाटत होती. गिरणीच्या वळणावर तीन मोठे पाइन रस्त्यावर आडवे पडले होते, अजून आतून धगधगत. कठड्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा वितळून डांबरावर ओघळला होता आणि तिथंच थिजला होता. ओदेतच्या नावाचा छोटा दगडी क्रूस काळा ठिक्कर पडला होता.

त्यानं वर गावाकडे पाहिलं, मग वळणाकडे. मनात गाडी चालवत असावा.

"अबीलियू," तो मला म्हणाला, "आम्ही इथंच असतो ना?"

मी होकारार्थी मान हलवली. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याला भडभडून उलटी झाली.

आम्ही परत आलो तेव्हा झुल्मिरा इदालिनाला हाताशी धरून दाताळ्यानं हौदातल्या किल्ल्या उपसत होती. घाबरल्यासारखी म्हणाली, "तुझी अजून सापडली नाही रे. इलेक्ट्रिकची होती ना, बिघडली असेल. मी भरून देईन." अदेरितूनं बूट काढले आणि पँटसकट हौदात उतरला. बराच वेळ तो पाण्यात हात फिरवत होता. किल्ली सापडल्यावरही बाहेर येईना.

याला आता बरीच वर्षं झाली. झुल्मिरा अजून बूट घालून झोपते, माझ्या रक्षापात्रात अजून पाणी ओतते. भीती गेलेली नाही. उलट वाढलीय, कारण आता फक्त ओदेत नाही, आम्हा सगळ्यांचं ओझं तिच्या छातीवर आहे. जत्रेला आलेले लोक किल्ल्या गाडीत ठेवत नाहीत. त्या झुल्मिराच्या दारामागं खिळ्यांवर टांगतात. ट्रॅक्टर आला की तिला हाक मारावी लागते. कुणी कुरकुर करत नाही.

अदेरितू मात्र खिळ्यावर टांगत नाही. गाडीतून उतरला की आईला मिठी मारायच्या आधी तो किल्ली तिच्या तळहातावर ठेवतो. ती मूठ मिटते आणि मगच विचारते, "जेवलास का?" जायच्या दिवशी तो हात पुढं करतो, पण तिची मूठ उघडत नाही. उघडायची असते तिला, उघडत नाही. मग तो तिच्यासमोर वाकतो आणि त्याच हातांनी तिची बोटं सोडवतो, एक, मग दुसरं, मग तिसरं, अगदी हळू.